जपान पाहून काय आणावे?



नात्यातल्या एका कुटुंबाकडे टोकियोला दहा दिवस राहून आलो. परत आल्यावर शाळेच्या आवारात पाय ठेवताच पाचवीच्या मुलांनी घेरले. "सर, जपानहून आम्हांला काय आणलासा?" पिशवीत गोळ्या होत्या, त्या वाटल्या आणि सुटका करून घेतली. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. माणूस परदेशी जातो, उंच मनोरे बघतो, फोटो काढतो आणि परत येतो. त्याने खरोखर काय आणावे? जपानमध्ये काय पाहिले ते आधी सांगतो आणि मग या प्रश्नाकडे वळतो.

टोकियो शहर

टोकियोत पहिल्या दिवशी बहुतेक प्रवाशांना असाकुसा भागातल्या सेन्सोजी मंदिरात नेतात. हे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे मंदिर आहे. जपानी लोक त्याला 'कान्नोन' म्हणतात. मंदिराची परंपरा इ. स. ६२८ पर्यंत मागे नेतात. पुढच्या दरवाजात जवळजवळ चार मीटर उंचीचा तांबडा कागदी कंदील टांगलेला आहे. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना खेळणी, पंखे आणि खाऊची दुकाने लागतात. आपल्याकडच्या जत्रेतली गल्लीच वाटते. एवढे जुने म्हणून आपण हात जोडतो, पण आजची मुख्य इमारत १९५८ सालची आहे. मार्च १९४५ च्या एका रात्रीत अमेरिकन विमानांच्या बॉम्बहल्ल्याने हा सारा भाग जळाला आणि सुमारे एक लाख माणसे मेली. त्याच आगीत जुने मंदिर गेले. आज जे टोकियो दिसते त्यातले बरेचसे त्यानंतर पुन्हा उभे केलेले आहे.

मंदिरातून नदीपलीकडे स्कायट्री हा ६३४ मीटर उंचीचा मनोरा दिसतो. तो २०१२ साली खुला झाला. टोकियो स्टेशनची लाल विटांची इमारत १९१४ सालची आहे. युद्धात तिचे घुमट जळाले होते. ते मूळच्यासारखे करून २०१२ साली पुन्हा बसवले. शिबुया स्टेशनाबाहेर एका चौकात सिग्नल पडला की शेकडो माणसे एकदम चारी बाजूंनी रस्ता ओलांडतात आणि कोणी कोणाला धक्का देत नाही. त्याच चौकाशी हाचिको नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचा मालक प्राध्यापक होता. तो १९२५ मध्ये वारला. कुत्रा मात्र सुमारे दहा वर्षे रोज स्टेशनवर येऊन त्याची वाट पाहत राहिला. आज टोकियोतली माणसे एकमेकांना "हाचिकोपाशी भेटू" असे सांगतात.

आपले देव जपानात

उएनो बागेतल्या तळ्यात एक छोटे बेट आहे. त्यावर बेंझाइतेन देवीचे देऊळ आहे. हातात वीणेसारखे वाद्य, जवळ पाणी, आणि विद्या व कला यांची देवता. ही आपली सरस्वतीच. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे तिथे गेली. असाकुसाजवळ एका टेकडीवर मात्सुचियामा नावाचे देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे गणपती! मूर्ती कोणाला दाखवत नाहीत, ती बंद देव्हाऱ्यात असते. आणि नैवेद्याला मोदक नाही, पांढरा मुळा! देवळात जागोजागी मुळ्याची चित्रे कोरलेली आहेत. आपल्याकडच्या एखाद्या आजीला हे पटणार नाही, पण भक्तिभाव तोच.

नारा शहरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी इ. स. ७५२ मध्ये झाला. त्यासाठी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला मान दिला होता. म्हणजे आपल्याकडून तिकडे बरेच काही गेले आहे. आता तिकडून इकडे काय आणायचे, ते पाहू.

गाडीत आणि रस्त्यात

टोकियोच्या लोकलमध्ये गर्दी मुंबईसारखीच असते, पण आवाज नसतो. मोबाईलवर बोलणे असभ्य मानतात. फलाटावर रांगेसाठी खुणा आखलेल्या असतात आणि लोक त्यांवर उभे राहतात. गाडीला उशीर झाला तर रेल्वे प्रवाशाला तसा दाखला देते. तो कचेरीत किंवा शाळेत दाखवता येतो. १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेली शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, टोकियो स्टेशनात आली की सफाई कामगार अवघ्या सात मिनिटांत सगळे डबे झाडून-पुसून तयार करतात. काम झाले की रांगेत उभे राहून ते प्रवाशांना वाकून नमस्कार करतात. प्रवासीही त्यांच्याकडे आदराने पाहतात. मला बुलेट ट्रेनच्या वेगापेक्षा हा नमस्कार जास्त लक्षात राहिला.

रस्त्यावर कचरा दिसत नाही, आणि गंमत म्हणजे कचराकुंड्याही फारशा दिसत नाहीत. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतर सार्वजनिक जागीच्या बऱ्याच कुंड्या काढून टाकल्या. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात.

हे सगळे बघून आपण चटकन म्हणतो, "ती माणसेच तशी! आपल्याला नाही जमायचे." इथे आपली चूक होते. १९६४ च्या ऑलिंपिकआधीचे टोकियो घाणेरडे म्हणूनच ओळखले जात होते. नद्यांना दुर्गंधी येई. शहर स्वच्छ करायला मोठी मोहीम काढावी लागली. १९७१ साली तर तिथल्या गव्हर्नरांना कचऱ्याविरुद्ध 'युद्ध' जाहीर करावे लागले. हरवलेली वस्तू परत मिळते, याचेही आपल्याला नवल वाटते. पण त्यामागे कायदा आहे. जागोजागी 'कोबान' नावाच्या छोट्या पोलीस चौक्या आहेत. सापडलेली वस्तू तिथे दिली तर मालकाकडून ठरलेल्या प्रमाणात बक्षीस मिळते. तीन महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तू सापडणाऱ्याच्या होतात. म्हणजे प्रामाणिक माणसाची सोय केलेली आहे. शिस्त रक्तात नसते, ती लावावी लागते. ती कुठे लावतात, हे बघायचे तर शाळेत जायला हवे.

शाळा

सकाळी रस्त्याने लहान मुले पाठीवर चौकोनी दप्तर घेऊन चालत शाळेला जातात. पहिलीच्या मुलांच्या डोक्यावर बहुधा पिवळी टोपी असते, म्हणजे वाहनचालकांना ती लांबून दिसतात. मुलाला गाडीवरून शाळेच्या दारात सोडायची रीत प्राथमिक शाळांत नाही. गल्लीतली मुले गटाने जातात आणि मोठे मूल छोट्याला सांभाळते.

दुपारी जेवण शाळेतच असते. त्यासाठी १९५४ साली कायदा झाला. पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मुले पाळीपाळीने वर्गात जेवण आणतात आणि वाढतात. शिक्षकही त्यांच्याबरोबर तेच जेवतात. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणतात, तसे सगळे एकदम हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात आणि मगच घास घेतात.

त्यानंतर, किंवा शाळा सुटण्यापूर्वी, पंधरा-वीस मिनिटे सफाई. वर्ग, जिना, वऱ्हांडा आणि बऱ्याच शाळांत स्वच्छतागृहसुद्धा मुलेच साफ करतात. बाके मागे सरकवायची, केर काढायचा, ओल्या फडक्याने फरशी पुसायची. शिक्षकही हात लावतात. डॉक्टरचा मुलगा असो की दुकानदाराचा, यादीत नाव आले की फडके हातात घ्यायचे. ज्याने फरशी स्वतः पुसली तो तिच्यावर कागद टाकताना विचार करतो.

हे लिहिताना थोडे थांबावेसे वाटते. वर्ग झाडायला सांगितले म्हणून पालक भांडायला आले, हे मी पूर्वी एका शाळेत पाहिले आहे. "मुलाला शिकायला घातलंय, झाडायला नाही," असे त्यांचे म्हणणे. ते वाक्य नुसते हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडे झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे शेकडो वर्षे जातीने ठरत आले आहे. शाळेत त्याच घरच्या मुलांना पुढे करून झाडायला लावले, तर ते शिक्षण नव्हे, अपमान आहे. जपानी पद्धत आणायची असेल तर ती पूर्ण आणावी लागेल. सगळ्यांची पाळी, मुलगे आणि मुली दोघांची, शिक्षकांचीही, आणि कोणाला सूट नाही. अर्धी आणली तर न आणलेली बरी.

मागापासून मोटारीपर्यंत

खासबाग, वडगाव, शहापूर हा विणकरांचा भाग. आपल्या कितीतरी मुलांच्या घरी मागाचा आवाज ऐकतच अभ्यास होतो. त्यांच्यासाठी ही गोष्ट.

टोयोटा मोटार सगळ्यांना माहीत आहे. तिची सुरुवात मागापासून झाली. साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. घरी आई हातमागावर राबायची. तिचे कष्ट पाहून त्याने मागात सुधारणा करायला घेतली, असे सांगतात. १८९६ मध्ये त्याने यंत्रमाग तयार केला. १९२४ च्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा आणि कांडी संपत आली की माग न थांबवता धोटा बदलायचा. एका माणसाला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. १९२९ साली एका इंग्रज कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडकडून जग यंत्रमाग घेत होते, त्याने जपानी विणकाम यंत्राचे हक्क घ्यावेत, ही लहान गोष्ट नव्हे. साकिचीच्या मुलाने पुढे मोटारींचे प्रयोग केले आणि १९३७ मध्ये मोटार कंपनी उभी राहिली. नागोयात त्यांच्या जुन्या विणकाम गिरणीतच आज संग्रहालय आहे. आत मागही आहेत आणि मोटारीही.

क्योटोतल्या निशिजिन भागातले रेशमी विणकर याच्याही आधीचे. राजधानी टोकियोला गेल्यावर त्यांचा धंदा बसायला लागला. १८७२ साली त्यांनी आपली माणसे फ्रान्समधल्या लियों शहरी पाठवली आणि तिथून जॅकार्डचे तंत्र आणले. नक्षी मात्र आपलीच विणली. प्रवासातून काय आणावे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले अण्णा

त्याच सुमारास साऱ्या जपान देशानेच एक मोठा प्रवास केला. १८७१ च्या डिसेंबरात सरकारने मंत्र्यांचे एक मंडळ अमेरिका आणि युरोप पाहायला पाठवले. ते १८७३ मध्ये परतले. त्यांच्याबरोबर शिकायला पाच मुलीही गेल्या होत्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको, वय सहा. ती अकरा वर्षे अमेरिकेत राहिली. परत आली तेव्हा ती आपली भाषा जवळजवळ विसरली होती आणि तिला जपानी पुन्हा शिकावे लागले. पुढे १९०० साली तिने मुलींसाठी शाळा काढली. आज तिचे महाविद्यालय प्रसिद्ध आहे. जुलै २०२४ पासून पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. दुकानात पैसे देताना ती नोट हातात आली आणि मला एकदम आपले महर्षी कर्वे आठवले.

धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, हिंगण्याला विधवा आणि मुलींसाठी आश्रम आणि शाळा चालवीत होते. टोकियोत १९०१ साली नारुसे जिन्झो यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले होते. त्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा भाषणात त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी अशाच विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते सुरूही केले. त्यांचा एक आग्रह होता. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे आणि इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा ठेवायचा. १९२१ मध्ये पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच.

१९२९ मध्ये अण्णा जगप्रवासाला निघाले. वय सत्तरीच्या पुढे. युरोप आणि अमेरिका करून ते टोकियोला गेले आणि १९३० च्या एप्रिलमध्ये परतले. म्हणजे जपान पाहण्याच्या पंधरा वर्षे आधीच, नुसत्या एका पुस्तिकेवरून, त्यांनी तिथली सर्वांत मोलाची वस्तू आपल्याकडे आणली होती.

भाषेचा प्रश्न

जपानमध्ये बालवाडीपासून डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंगपर्यंत शिक्षण जपानी भाषेत चालते. हे सुरुवातीपासून तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वरिष्ठ शाळांत परदेशी शिक्षक इंग्रजी आणि जर्मनमधून शिकवत. मोरी आरिनोरी नावाच्या मुत्सद्द्याने तर जपानने इंग्रजीच स्वीकारावी, अशा अर्थाचा विचार मांडला होता. पण शेवटी त्यांनी दुसरा रस्ता धरला. पुस्तके भाषांतरित केली, नवे शब्द घडवले, आणि परदेशी शिक्षकांच्या जागी परत आलेले आपले विद्यार्थी बसवले. लिपी काही सोपी नाही. सहा वर्षांच्या प्राथमिक शाळेत मुलांना हजारावर चित्राक्षरे शिकावी लागतात. मराठीच्या जोडाक्षरांना कंटाळणाऱ्या मुलांनी हा आकडा लक्षात ठेवावा! २००८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळालेल्या तोशिहिदे मासुकावा यांनी आपले नोबेल व्याख्यान जपानीतच दिले.

पण म्हणून "जपानला जमले, मग आपल्याला का नाही," असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. जपानी मुलामागे त्याचे सरकार, त्याचा बाजार आणि त्याची नोकरी एकाच भाषेत उभी असते. आपल्या सीमाभागातल्या मुलाचे तसे नाही. घरी मराठी, कचेरीत कन्नड, नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजी. मराठी शाळेत नाव घालताना पालक घाबरतात, त्यांची भीती खोटी नाही. त्यांना नुसते अस्मितेचे भाषण देऊन चालणार नाही. मराठीतून समज पक्की होईल आणि कन्नड व इंग्रजी कच्ची राहणार नाही, हे शाळेने करून दाखवले पाहिजे. अण्णांचा मार्गही हाच होता.

जपानचीही दुखणी आहेत

सगळेच गोड आहे असे समजू नये. दर दहा माणसांत जवळजवळ तीन पासष्टीच्या पुढची आहेत. २०२४ साली तिथे सात लाखांहूनही कमी मुले जन्मली. मुलांअभावी खेड्यांतल्या शाळा बंद पडत आहेत. कामाच्या ताणाने मरण येण्याला त्यांच्या भाषेत 'कारोशी' असा वेगळा शब्दच आहे. शाळेला जाणेच सोडून दिलेली मुले तीन लाखांहून अधिक आहेत. सगळ्यांसारखेच वागायचे, या शिस्तीत वेगळे मूल गुदमरते. शेजारच्या घरात कोण आहे हे माहीत नसते. आपल्याकडे कोणी आजारी पडले तर सारी गल्ली गोळा होते. जपानकडून शिकताना आपले हे विसरू नये.

आता मराठी माणसेही तिथे स्थिरावली आहेत. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभागृहात निवडून आले. पन्नासच्या दशकात बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवलेले आणि इथल्या रावसाहेबांना घराघरांत पोचवणारे पु. ल. देशपांडे साठच्या दशकातच जपान पाहून आले आणि त्यांनी 'पूर्वरंग' लिहिले. पुण्यात सिंहगड रस्त्याला त्यांच्या नावाची बाग आहे. ओकायामा शहरातल्या प्रसिद्ध कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर ती केली आहे. सहल पुण्याला गेली तर ती जरूर पाहावी. जपानला न जाता जपान पाहता येते.

मग काय आणले?

त्या पाचवीच्या मुलांना माझे उत्तर असे. गोळ्या संपल्या, पण तीन गोष्टी उरल्या आहेत. पहिली, फडके. आठवड्यातून दोन दिवस पंधरा मिनिटे आपला वर्ग आपण सर्वांनी साफ करायचा. पहिली पाळी शिक्षकांची. पालकांनी हरकत घेण्याआधी एकदा येऊन पाहावे. दुसरी, वाचन. विश्वस्तांना विनंती की ग्रंथालयात विज्ञानाची चांगली मराठी पुस्तके वाढवावीत आणि कन्नड व इंग्रजी संभाषणाचे तास नियमित व्हावेत. तिसरी, वही. सहलीला, यात्रेला, मामाच्या गावाला, कुठेही जा. तिथले एक चांगले काम वहीत लिहून आणा आणि वर्गात वाचून दाखवा. ते आपल्याकडे कसे करता येईल, हे आपण मिळून ठरवू.

पुढच्या सोमवारी पहिल्या पाळीला मी झाडू घेऊन पाचवीच्या वर्गात येतो आहे. वर्गात बाके मागे सरकवून ठेवा.